तडीपार कुणाला करता?

(लिंबागणेश, जि. बीड येथील साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता, ग्रामीण साहित्यापुढची आव्हानं. तो विषय मी सोडलेला नाही. फक्त त्यावर बोलण्यासाठी मी कुठली कादंबरी किंवा कवितासंग्रह निवडलेला नाही. मी एक अल्बम निवडला आहे. २०२० साली आलेला, पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीत वाढलेल्या अल्ताफ शेख नावाच्या विशीतल्या पोराचा पहिला अल्बम. त्याला एमसी स्टॅन म्हणतात. अल्बमचं नाव 'तडीपार'. मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर आत्ता जे हसू आलं ते मला दिसलं, आणि पहिल्या रांगेतल्या काही कपाळांवर ज्या आठ्या पडल्या त्याही दिसल्या. मला आज त्या आठ्यांशीच भांडायचं आहे.

तडीपारी म्हणजे काय हे बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं. निवडणूक आली, गणपती आले, की याद्या निघतात. आपल्या पहिल्याच अल्बमला हे नाव देणाऱ्या पोराने आपण कुठून बोलतोय आणि ऐकणारे आपल्याला कुठे उभं करणार आहेत, हे दोन्ही ओळखलं होतं.

मी तो अल्बम सलग ऐकला. कानाला हेडफोन लावून, कागद-पेन घेऊन, एखादा नवा संग्रह परीक्षणाला आला तर जशी बसते तशी बसून. सुरुवातीला शब्द पटकन हाती लागत नाहीत. खाली बासचा दणका, वर हाय-हॅटची बारीक घाईची टकटक, आणि मध्ये ऑटोट्यूनमधून ओढून काढलेला आवाज, जो कधी पुटपुटतो, कधी ओळीचा शेवट लांबवत नेतो. हळूहळू त्यातली वस्ती दिसायला लागते. पोलीस, पैसा, दोस्ती, उलटलेले दोस्त, आपल्याला हसणाऱ्यांवरचा राग, आणि त्या रागाच्या तळाशी असलेली मोठी भूक. शब्द त्याचे, आवाज त्याचा, ठेकाही बराचसा त्यानेच बांधलेला. भाषा पुण्याच्या वस्तीतली हिंदी. तिच्यात दखनी आहे, मराठी आहे. क्रियापद हिंदीचं आणि राग मराठीतला. लहानपणी हा मुलगा कव्वालीकडून गाण्यात आला, आणि ते ऐकू येतं. शब्द तालावर कुठे ठेवायचा, कुठे अर्धी मात्रा उशिरा ठेवायचा, याची जाण त्याला यूट्यूबवरून मिळालेली नाही.

या अल्बमचं स्वागत कसं झालं? पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुण्यापासून परळीपर्यंत तो मोबाईलमधून, ट्रॅक्टरच्या टेपमधून वाजला. आपल्या वाङ्मयीन मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून मात्र माझ्या वाचनात त्यावर एकही गंभीर लेख आला नाही. तीन वर्षं हा सगळा व्यवहार आपल्या अंगणाबाहेर चालू होता. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये हाच मुलगा 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला, अमरावतीच्या शिव ठाकरेला मागे टाकून, आणि एकाएकी सगळ्यांना मत फुटलं. त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांवर टवाळी झाली, त्याच्या साखळ्यांवर, त्याच्या बोलण्यावर झाली. मार्च २०२३ मध्ये इंदूरला त्याचा कार्यक्रम करणी सेनेच्या लोकांनी बंद पाडला. कारण सांगितलं, तो शिव्या देतो, तरुण पिढी बिघडवतो.

या सगळ्या गदारोळात कुणी त्याच्या ओळींबद्दल बोललं का? यमक कसं जुळवलंय, कोणत्या ओळीत तो खरं बोलतो, कोणत्या ओळीत नुसता फुशारकी मारतो, पहिल्या अल्बमपासून २०२२ च्या 'इन्सान'पर्यंत तो वाढला की तिथेच फिरत राहिला? कुठल्याही कलावंताच्या पहिल्या कृतीबद्दल हेच विचारायचं असतं. एक तर जयजयकार किंवा मग हाकलून द्या, असे दोनच पर्याय आपण या पोरांपुढे ठेवलेत. समीक्षा नावाचा तिसरा पर्याय ज्यांच्या हाती होता ते आपण, साहित्यिक म्हणवणारे, गप्प बसलो.

आणि हे फक्त पुण्या-मुंबईचं नाही. याच संमेलनातल्या कविसंमेलनाच्या यादीत दोन पोरांची नावं होती. दोघंही आपल्याच तालुक्यातले, दोघंही रॅप लिहितात. छापील पत्रिकेत ती नावं नाहीत. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, रॅप ही कविता नव्हे. संयोजकांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं, यादी मात्र तशीच राहिली. संमेलन उभं करायला तुम्ही किती राबलात हे मी पाहिलं आहे, म्हणून तुमचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. पण हे उत्तर चूक आहे, आणि ते का चूक आहे हे मी इथे, माईकवर, सगळ्यांसमोर सांगणार.

पोवाडा ऐकलेल्या माणसाला रॅप परका वाटावा, हेच मला कळत नाही. शाहीर एका दमात हकिकत सांगत जातो, श्वास संपत आला की मागचे झीलकरी 'जी जी' करून ओळ उचलून धरतात. रॅपर हेच करतो. त्याच्या ओळीच्या शेवटी मागून जे हुंकार येतात ती झीलच आहे. कलगी-तुऱ्याचे फड आठवा. एका पक्षाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो जागच्या जागी परतवायचा, प्रतिस्पर्ध्याची अक्कल काढायची, आणि पब्लिकने निकाल द्यायचा. २०१९ मध्ये एमसी स्टॅन आणि रॅपर एमिवे बंटाय यांच्यात गाण्यांतून जी जुंपली ती याहून वेगळी नव्हती. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहात त्या आहेत. त्या संग्रहात महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. जात्याच्या फेऱ्यावर ओवी चालते, बीटवर रॅप चालतो. दोन्हीकडे ठेका आधी असतो, आणि ज्याला घरात-गावात कुणी बोलू देत नाही तो माणूस त्या ठेक्याच्या आडोशाने बोलून घेतो. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका सासरचा छळ जात्याला सांगत. ती कविता आहे हे मान्य करायला आपल्या विद्वानांना किती वर्षं लागली? लोकसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या तारा भवाळकरांना अखिल भारतीय संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं ते २०२५ मध्ये, दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनात. मंडळी, इतका उशीर आता पुन्हा नको.

दुसरं उत्तर असं येतं की हे अमेरिकेतून आलेलं खूळ आहे. हिप हॉप अमेरिकेतून आलं, खरं आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका इमारतीत, जमैकाहून आलेल्या कुटुंबातल्या एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली, आणि तिच्या भावाने, डीजे कूल हर्कने, रेकॉर्डवरचा नुसता ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. गरिबांनी गरिबीतच काढलेली ही कला. २०१८ मध्ये रॅपर केंड्रिक लमारच्या अल्बमला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याआधी संगीताचा तो पुरस्कार शास्त्रीय आणि जॅझ सोडून कुणाला मिळालेला नव्हता. आणि बाहेरून आलेलं ते परकं असं म्हणायचं असेल तर कादंबरी कुठून आली? हार्मोनियम कुठून आली, जिच्याशिवाय आपलं एक भजन होत नाही?

भाषेचा मुद्दा मला जास्त जवळचा आहे. म्हणतात, ही भाषा भेसळीची आहे, ना धड हिंदी ना धड मराठी. मराठवाड्यातल्या माणसाने तरी हे म्हणू नये. आपल्या औरंगाबादचा वली दखनी. दिल्लीत फारसीत लिहिणं हीच प्रतिष्ठा होती त्या काळात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याचा दिवाण दिल्लीला पोचला, आणि त्यानंतर दिल्लीचे शायर बोलीत लिहायला धजावले. आपल्याच आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे मानले जाणारे शेख महंमद. त्यांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. पेशवाईतला सगनभाऊ शिकलगार मुसलमान. इथून जवळच्या बार्शीत जन्मलेले अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर ज्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. या आवाजांशिवाय तुमची मराठी किती उरते ते मोजून बघा. एखादा शेख आडनावाचा पोरगा वस्तीच्या बोलीत बोलला की तो आपला नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा इतिहास पुन्हा वाचावा.

आणि आपला इतिहास काही फार उजळही नाही. लाल बावटा कलापथकावर त्या वेळच्या मुंबई सरकारने बंदी घातली होती. स्वातंत्र्यानंतर लगेचच तमाशावरही अश्लीलतेचं कारण देऊन बंदी आली. ज्या कलेचे आज आपण महोत्सव भरवतो तिचे कलावंत तेव्हा उपाशी राहिले.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. तोही पहिलाच संग्रह, कवी ऐन तेविशीत. त्यातल्या शब्दांनी पांढरपेशा मराठीचे कान फाटले. त्या वेळी विजय तेंडुलकरांनी काय केलं हे आज मुद्दाम सांगते, कारण स्वागत कसं करावं याचं ते मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं उदाहरण आहे. ते ढसाळांबरोबर मुंबईच्या गोलपिठा वस्तीत हिंडले. कवितांमधले अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत हे त्यांनी लपवलं नाही, त्यांचे अर्थ कवीला विचारले, आणि प्रस्तावनेत ते सगळं मोकळेपणाने लिहिलं. मोठा नाटककार एका टॅक्सी चालवणाऱ्या पोरापुढे विद्यार्थी होऊन बसला. यात तेंडुलकरांचा मोठेपणा कमी झाला नाही. पुढे १९९९ मध्ये ढसाळांना पद्मश्री मिळाली. आजच्या मराठीत असा तेंडुलकर कुठे आहे? ताडीवाला रोडवर जाऊन, त्या पोराशेजारी बसून, बाबा रे, या शब्दाचा अर्थ काय, हे विचारणारा एक समीक्षक मला दाखवा.

मात्र मी वकीलपत्र घेऊन आलेली नाही. पोरांनो, तुम्ही मघापासून टाळ्या वाजवताय, आता जरा थांबा.

'तडीपार'मध्ये, आणि या पोराच्या एकूणच गाण्यांत, बाईबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंच मला सहन होत नाही. शत्रूला हिणवायचं तर त्याची आई-बहीण काढायची, स्वतःची ताकद दाखवायची तर पोरी मोजायच्या. हे बंड नाही. हे तर गावातल्या पारावर, बाजारात, पोलीस ठाण्यात रोज ऐकू येतं. ढसाळांची शिवी वर जात होती, ज्यांनी ती वस्ती तशी करून ठेवली त्यांच्या तोंडावर. या पोराची शिवी पुष्कळदा खाली येते आणि बाईच्या अंगावर पडते. कवी म्हणून त्याचा हा दोष आहे आणि मोठा दोष आहे. राग अस्सल, निशाणा चुकलेला. पुढचं म्हणजे पैसा आणि दरारा यांची सततची फुशारकी. भूक सोसलेल्या माणसाने भाकरीबद्दल गावं हे मला समजतं. पण भाकरी मिळाल्यावरही तो फक्त स्वतःच्या ताटाबद्दल गात राहिला तर त्याची वस्ती त्याच्या गाण्यातून निघून जाते. ही भीती मला त्याच्याबद्दल वाटते.

हे मी म्हणू शकते, कारण मी त्याला कवी मानते. कार्यक्रम बंद पाडणाऱ्याला हे म्हणण्याचा अधिकार नाही. आणि बाईच्या अब्रूची काळजी ज्यांना रॅप ऐकल्यावरच वाटते, त्यांनी सांगावं, गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीच्या डीजेवर, यात्रेतल्या पार्टीत कोणती गाणी वाजतात? तिथे कधी तुम्ही माईक बंद केलात?

बंदुकीबद्दलही बोलते. बीडमध्ये बोलते आहे म्हणून बोललंच पाहिजे. रॅपमुळे पोरं पिस्तुलाचे रील करतात, गुंडगिरी वाढते, असं सांगितलं जातं. ९ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना हालहाल करून मारलं. सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर बाहेर आलं की या एका जिल्ह्यात तेव्हा बाराशेच्या वर शस्त्रपरवाने होते. ते परवाने कुठल्या गाण्याने दिले नाहीत. खंडणी कुठल्या अल्बमने शिकवली नाही. पोरांनी कमरेला पिस्तूल पहिल्यांदा मोबाईलवर पाहिलं नाही, ते गावच्या रस्त्यावर, गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला पाहिलं. गाणं त्याची नक्कल करतं. ती नक्कल वाईट आहे, तिला विरोध करा, मीही करते. पण अस्सल माणसाला हार घालायचा आणि नक्कल करणाऱ्या पोराला झोडपायचं, हा न्याय मी मानणार नाही.

आणि जेव्हा एखादा पोरगा नेमका निशाणा साधतो, तेव्हा काय होतं? छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने २०२३ मध्ये मराठीत, आपल्या बोलीत, सत्तेच्या फोडाफोडीवर रॅप केला. कुणाचं नाव घेतलं नाही. सत्तेतल्या पक्षाच्या युवा शाखेकडून तक्रार झाली आणि अंबरनाथमध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उमेश खाडे या दुसऱ्या रॅपरवर मुंबईच्या वडाळा टीटी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. म्हणजे वस्तीतल्या भांडणांवर गायलं तर बिघडलेला, सत्तेवर गायलं तर आरोपी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. मीही वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मराठीचा अभिमान मला आहेच. पण याच भाषेत आजच्या काळात एखाद्या तरुणाने सत्तेला प्रश्न विचारला आणि त्याला ठाण्यात जावं लागलं, तर साहित्य संस्थांनी रस्त्यावर यायला हवं होतं. किती आल्या?

इथे मला सगळ्यांत जास्त खुपणारी गोष्ट येते. २०१९ मध्ये अंधेरीच्या डिव्हाइन या रॅपरचा 'कोहिनूर' हा अल्बम आला. २०२० मध्ये कुर्ल्याच्या नेझीचा 'मग़रिब' आला, आणि त्याच वर्षी पुण्याचा 'तडीपार'. आपल्या राज्यात वाढलेल्या तीन पोरांचे तीन पहिले अल्बम, एकापाठोपाठ एक, आणि तिन्ही मुख्यतः हिंदीत. त्याच २०१९ मध्ये तामिळनाडूच्या अरिवूने आपला पहिला अल्बम 'तेरुक्कुरल' तमिळमध्ये काढला, नाव थेट तिरुक्कुरलशी नातं सांगणारं, आणि त्यात जातीबद्दल तो जे बोलला ते सगळ्या देशाने कान देऊन ऐकलं. आपल्याकडे हे का झालं नाही? बाजार हिंदीचा मोठा आहे, हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं आपल्या शाळांत आणि आपल्या मंडपांत आहे. 'लई' म्हणालं की हसायचं, 'कामून' म्हणालं की टोकायचं, निबंधात घरची बोली आली की लाल शाई मारायची. अशा शाळेतून दहा वर्षांनी बाहेर पडलेल्या पोराला मराठी ही मास्तरांची भाषा वाटते. हिंदीत त्याला कुणी टोकत नाही, म्हणून तो तिथे जाऊन मोकळा होतो. मी जन्मभर शिक्षिका होते. वर्गावर्गांतून हे घडताना मी पाहिलं आहे.

तरीही काही पोरं मराठीत टिकून आहेत, हे आपलं भाग्य. स्वदेशी या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. २०१९ मध्ये, आरेच्या झाडांवर कुऱ्हाड पडली त्या वर्षी, या गटाने तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारल्यांच्या लढ्याचं गाणं केलं. अमरावतीहून सौरभ अभ्यंकर आहे, विपिन तातड आहे, ज्यांच्या गाण्यात आंबेडकरी जाणीव उघड बोलते. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं एक मराठी गाणं परदेशातल्या मोठ्या कंपनीने काढलं आणि जगभर लोक त्यावर नाचले. मराठीत चालत नाही, हे तुणतुणं आता बंद करा.

पोरांनो, आता तुमच्याशी. दसरा-दिवाळी झाली की या बालाघाटाच्या डोंगरातली गावं रिकामी होतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, मुकादमाची उचल फेडायला निघतात. फडात कोपी उभी राहते, पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, लेकरं वाढ्यावर झोपतात. तुमच्यातल्या कितीजणांचं बालपण असं गेलं, तुम्हीच सांगा. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार उघडकीला आला तेव्हा २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीपुढे याच जिल्ह्यातल्या बायकांचा आकडा आला तो तेरा हजारांच्या वर. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, म्हणून पाळीचं दुखणं कायमचं मिटवून टाकायचं, हा हिशेब कुणी घातला? त्यावर गा. ताडीवाला रोडच्या पोराने त्याची वस्ती गायली. तुम्ही त्याचे बूट आणि साखळ्या उचलू नका, त्याची हिंमत उचला. तुमचा फड, तुमचा मुकादम, तुमची आई गा. आईला शिवीत आणू नका. तिचं आयुष्य तुमच्या ओळीत आणा, तिच्या बोलीत. यमक चुकलं तर पुन्हा लिहा. दुसऱ्याच्या बीटवर आपला शब्द बसत नसेल तर हलगी घ्या, संबळ घ्या, त्यावर बांधा. आणि रियाज करा. श्वास कमी पडतो म्हणून शिवी घालून ओळ भरायची, ही आळशीपणाची खूण आहे. ती मी ऐकून घेणार नाही.

शिक्षकांनो, तुमच्या वर्गातल्या वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलेलं असतं. ते फाडू नका, वाचा. चूक असेल तिथे चूक सांगा, पण आधी वाचा. संपादकांनो, पुढच्या दिवाळी अंकात मराठी पोरांच्या पहिल्या अल्बमांवर परीक्षणं छापा, पुस्तकांवर छापता तितक्याच गांभीर्याने, आणि ती लिहायला त्याच पोरांमधले वाचणारे शोधा. ते आहेत.

शेवटी अध्यक्ष म्हणून एक ठराव मांडते. या संमेलनाच्या पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत रॅप लिहिणाऱ्यांचं स्वतंत्र सत्र असावं, दुपारच्या जेवणानंतरच्या रिकाम्या वेळेत नव्हे, कविसंमेलनाच्या वेळेला, तितक्याच मानधनावर. त्यांच्या गाण्यांवर मंचावरच उघड चर्चा व्हावी. आणि मराठीत गाणं केलं म्हणून कुठल्याही कलावंतावर गुन्हा दाखल झाला तर या संस्थेने त्याच्या बाजूने लेखी निवेदन काढावं. ठराव मतदानाला टाका. ज्यांना मान्य नाही त्यांनी उभं राहून कारण सांगावं, आणि ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत.